घंटा थांबली तेव्हा

खेड्यातील प्राथमिक शाळेची घंटा ही पुष्कळदा घंटा नसतेच. व्हरांड्याच्या आढ्याला तारेने टांगलेला रुळाचा एक तुकडा असतो आणि त्यावर लोखंडी दांडक्याने ठोके दिले जातात. पण त्या ठोक्यांवर एकटी शाळाच चालते असे नाही. शेतावर निघालेल्या बाईला त्यावरून उशीर झाल्याचे कळते, पारावरचा म्हातारा त्यावरून वेळ सांगतो आणि मधल्या सुट्टीचे ठोके पडले की खिचडी शिजवणारी बाई पातेल्यावरचे झाकण काढते. मार्च २०२० च्या मध्यास करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळांची ही घंटा थांबली. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ती पुन्हा वाजली १ डिसेंबर २०२१ रोजी, आणि तीही ग्रामीण भागात. मुंबई-पुण्याच्या बालकांना आणखी पंधरवडाभर थांबावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या भीतीने ती पुन्हा काही दिवस मुकी झाली आणि २४ जानेवारीपासून ठिकठिकाणी एकदाची सुरू झाली.

वीस महिन्यांहून अधिक काळ राज्यातील सर्वांत लहान विद्यार्थी आपल्या वर्गाबाहेर होते. त्यानंतर जी चर्चा झाली ती बहुतांशी एकाच गोष्टीची : मुले काय विसरली, किती मागे पडली, अक्षरओळख राहिली की गेली. ही चर्चा आवश्यकच होती. परंतु शाळा बंद झाल्याने जे हरवले ते केवळ पाठ्यपुस्तकातील नव्हते, आणि शाळा बंद असूनही जे टिकले तेही केवळ शासकीय योजनांमुळे टिकले नाही. प्राथमिक शाळा ही गावाच्या किंवा वस्तीच्या सहजीवनाची एक संस्था आहे, हे त्या काळाने जितके स्पष्ट दाखवले तितके पूर्वी कोणत्याही अहवालाने दाखवले नव्हते. दुर्दैवाने नेमका तोच धडा आज विसरला जात आहे.

सर्वांत शेवटी उघडलेले दार

निर्बंध शिथिल होऊ लागले तेव्हा कोणते दार आधी उघडावे याचा जो क्रम समाजाने लावला, तो पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यातील उपाहारगृहे आणि मद्यालये उघडली. नोव्हेंबरात चित्रपटगृहे उघडली आणि दिवाळीच्या पाडव्याला मंदिरांची दारे उघडली. त्याच महिन्यात नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत सुरू झाले. जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीची पाळी आली आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या लाटेने ते वर्ग पुन्हा बंद पाडले. दुसरी लाट ओसरल्यावरही ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचेच वर्ग उघडले. पहिली-दुसरीचे मूल रांगेत अखेरचे राहिले.

हा क्रम वैद्यकीय ज्ञानाशी जुळणारा होता असेही नाही. लहान मुले या विषाणूला प्रौढांपेक्षा अधिक चांगल्या प्रकारे तोंड देतात, त्यामुळे शाळा उघडायच्या तर प्राथमिक वर्गांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल, असे मत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी जुलै २०२१ मध्येच मांडले होते. त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय रक्तचाचणी सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे घरात कोंडलेल्या मुलांनाही संसर्ग गाठून गेलाच होता.

याचा अर्थ निर्णय घेणारे निष्काळजी होते असा मात्र नाही. एप्रिल-मे २०२१ मधील प्राणवायूची टंचाई आणि रुग्णालयांबाहेरच्या रांगा सर्वांच्याच स्मरणात ताज्या होत्या. तिसरी लाट मुलांवर येईल या बोलवेने पालक धास्तावले होते, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याचा विचार राज्याच्या तज्ज्ञ कृतिगटाच्या आक्षेपामुळेच लांबणीवर पडला. तरीही एक गोष्ट उरतेच. मंदिरे उघडावीत म्हणून आंदोलने झाली, व्यापाऱ्यांनी दुकानांसाठी निवेदने दिली. पहिलीच्या वर्गासाठी तेवढ्या जोराचा आवाज उठला नाही. सहा वर्षांच्या मुलाला संघटना नसते आणि ज्यांच्या मुलांना शाळेची सर्वाधिक गरज होती त्या पालकांना निवेदन लिहिण्याची सवड नसते.

सूचनाफलक घराकडे निघाला

साथीपूर्वी शाळा आणि घर यांच्यातील दळणवळण साधारणपणे एकमार्गी असे. दाराशी काळा फळा, त्यावर खडूने लिहिलेली सूचना : उद्या सुट्टी, परवा पालकसभा, अमुक तारखेपर्यंत दाखला आणावा. ज्याला वाचता येई तो वाची. ज्याला वाचता येत नसे त्याला त्याचे मूल सांगे. मार्च २०२० मध्ये हा फलक बघणारे डोळेच नाहीसे झाले. मग शिक्षकांनी पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक गोळा केले, वर्गवार व्हॉट्सॲप गट उघडले आणि फलक घराघरांत पोहोचू लागला. रोजच्या परिपाठातील सुविचार आणि दिनविशेषही भ्रमणध्वनीवरून जाऊ लागले. प्रतिज्ञा म्हणणाऱ्या मुलांच्या ध्वनिफिती उलट टपाली येऊ लागल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही दैनंदिन अभ्यासमाला सुरू केली आणि जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दिसू लागली.

हे प्रयत्न प्रामाणिक होते, परंतु त्यांची धाव घरातील भ्रमणध्वनी संचापर्यंतच होती. ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन घरी असणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण त्याच पाहणीत असेही दिसले की, ज्यांच्या घरी असा फोन आहे त्यांतील २६.१ टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी मुळी येतच नव्हता. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. घरात एक फोन. तो सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातो, रात्री आठला परत येतो, तोवर धाकटे झोपलेले असते आणि थोरल्याला दहावीचा अभ्यास असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. तीत ग्रामीण भागातील अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. अभ्यासमालेच्या नावातील ‘शिक्षण आहे’ हे शब्द कोणासाठी खरे होते, ते या दोन आकड्यांवरून समजते.

भिंती, भोंगे आणि ओसऱ्या

जिथे फोन थांबला तिथे माणसे चालू लागली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाह्य भिंतींवर धडे रंगवून घेतले. बाराखडी, पाढे, व्याकरण, आकृत्या. मुलांनी गल्लीतून फिरावे, अंतर राखून उभे राहावे, वाचावे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले आणि झाडाखाली बसून मुलांनी ते ऐकले. राज्यभर असंख्य गावांत शिक्षकांनी गृहभेटी सुरू केल्या. समाजमंदिर, देवळाचा मंडप, कुणाची ओसरी, कुणाचा गोठ्यापुढचा मांडव अशा जागी पाच-सहा मुलांचे गट बसू लागले. टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून गावी परतलेली, शिक्षण अर्धवट राहिलेली तरुण मुलेमुली धाकट्यांना पाढे घोकून घेऊ लागली. ज्या आईने स्वतः चौथीत शाळा सोडली होती, ती मुलाची स्वाध्यायपत्रिका पुढे घेऊन बसू लागली.

डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कल्पनेचा गौरव झाला, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. या बातमीचा आनंद महाराष्ट्राने योग्य रीतीने साजरा केला. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेला हा मान मिळत होता तेव्हा पहिली ते चौथीचे वर्ग कुलूपबंद होते आणि त्या शाळांतील पुष्कळ शिक्षक तपासणी नाक्यांवर, शिधावाटपाच्या रांगांवर किंवा ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेच्या नोंदवहीत गुंतलेले होते. सकाळी घरोघर ताप मोजायचा, दुपारी त्याच घरांतील मुलांना गणित द्यायचे, असा दुहेरी फेरा कित्येकांनी केला. काहींना त्या कामात संसर्ग झाला आणि काही परतले नाहीत.

शिक्षक आणि साथ यांचे हे नाते महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने भाषणे पुष्कळ होतात. शिक्षिकेचे काम शाळेच्या उंबरठ्यापाशी संपत नाही, ही त्या मृत्यूतील गोष्ट मात्र सव्वाशे वर्षांनी पुन्हा साथ आली तेव्हाच लोकांच्या ध्यानात आली.

मोडलेली पंगत

या सगळ्यात एक गोष्ट कोणत्याही भिंतीवर रंगवता आली नाही, ती म्हणजे मधल्या सुट्टीतील पंगत. शाळा बंद झाल्या तरी पोषण आहार थांबू नये म्हणून तांदूळ आणि कडधान्ये पालकांना कोरड्या स्वरूपात देण्यात आली. रोजगार बुडालेल्या घरांना तो शिधा मोठा आधार होता. पण शाळेत शिजलेली खिचडी आणि घरी आणलेले तांदूळ यांत फरक आहे. शाळेतील ताटातला घास त्या मुलाचाच असतो. पिशवीतील तांदूळ घरच्या डब्यात पडले की ते साऱ्या कुटुंबाचे होतात आणि अनेक घरांत मुलीचे ताट शेवटी वाढले जाते. शाळेत सर्व आळ्यांची मुले एका रांगेत बसून जेवतात. गावात एरवी ती रांग कितीदा बसते, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते आठवून पाहावे.

तीच गोष्ट शाळेच्या संरक्षणाची. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात तेव्हा काही मुले आजीआजोबांजवळ मागे राहतात, ती शाळा चालू आहे म्हणून. शाळाच बंद असेल तर त्यांना मागे ठेवण्याचे कारण उरत नाही. फडावर गेलेले मूल पाणी भरते, धाकट्या भावंडाला सांभाळते, मोळ्या वाहते. वयात येणाऱ्या मुलीच्या लग्नाचा विषय शिक्षिकेच्या एका गृहभेटीने वर्ष-दोन वर्षे मागे पडतो. ती शिक्षिका आणि तो हजेरीपट दोन्ही दृष्टीआड झाले की तो विषय पुढे येतो. शाळेच्या हजेरीपटाकडे पुष्कळांनी केवळ कारकुनी कागद म्हणून पाहिले. वास्तविक, ‘हे मूल आज कुठे आहे’ हा प्रश्न रोज सकाळी नाव घेऊन विचारणारी ती गावातील एकमेव वही आहे.

मोजमाप आणि त्याचा अर्थ

जून २०२० मध्ये पहिलीत ज्याचे नाव पडले त्या मुलाचा विचार करावा. पहिली त्याने वर्गाचे तोंड न पाहताच पार केली. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने पहिली ते आठवीच्या सर्वांना परीक्षेविना पुढे पाठवले, तसे तेही दुसरीत गेले. दुसरीचे निम्मे वर्षही घरीच सरले. जून २०२२ मध्ये ते तिसरीत बसले तेव्हा वर्गाचा त्याचा अनुभव काही महिन्यांचाच होता. याच पिढीची मोजणी २०२२ च्या ‘असर’ पाहणीत झाली. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्के उरली.

पुढील आकडा याहून बोलका आहे. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले साथीनंतर पहिलीत आलेली, म्हणजे सुरुवातीपासून वर्गात बसलेली होती. त्यांच्यापैकी २७.१ टक्के मुलांना तो उतारा वाचता आला. म्हणजे गाडी जवळजवळ २०१८ च्या ठिकाणी परत आली, आणि सरकारी शाळांतील तिसरीची मुले तर २०१८ च्याही थोडी पुढे गेली. शाळा उघडी राहणे आणि पहिल्या वर्गांत वाचन-गणनेकडे लक्ष दिले जाणे, यांचे मोल यावरून कळते. अर्थात चारातील जवळजवळ तीन मुलांना वाचता येत नसताना ‘पूर्वपदावर आलो’ म्हणून समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. साथीपूर्वीची स्थितीही अभिमानाची नव्हती.

आणखी एक आकडा दुर्लक्षित राहिला. ग्रामीण भागातील सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत नाव असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाले. उत्पन्न घटले, खासगी शाळेचे शुल्क परवडेना, गावी परतणे झाले, अशी त्याची कारणे आहेत. पण कारण काहीही असो, अडचणीच्या वेळी लोक जवळच्या, फुकट आणि ओळखीच्या शाळेकडे वळले. त्या वेळी ती शाळा तिथे होती म्हणून वळू शकले.

धडा विसरण्याची घाई

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२३ मधील एक घडामोड तपासून पाहावी लागते. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याबाबत राज्याच्या शिक्षण विभागाने जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचे दाखले त्यासाठी देण्यात आले. अशा लहान शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. शिक्षक आणि पालक यांच्याकडून त्यास विरोध झाला.

समूह शाळेच्या बाजूने असलेला युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आठ मुले, चार इयत्ता आणि एक शिक्षक अशा वर्गात मुलाला बरोबरीचा सवंगडी मिळत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, ग्रंथालय आणि प्रयोगसाहित्य येत नाही. शिक्षक प्रशिक्षणाला गेला की शाळेला सुट्टी. मोठ्या शाळेत यातील पुष्कळ उणिवा भरून निघू शकतात. जिथे रस्ता बारमाही आहे, वाहन खात्रीचे आहे आणि पालक राजी आहेत, तिथे असा विचार करायला हरकत नसावी.

परंतु हा हिशेब मांडताना पटावरील डोकी मोजली जातात आणि बाकीचे रकाने कोरेच राहतात. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे महाराष्ट्राचे शिक्षणहक्काचे नियम सांगतात. सहा वर्षांचे मूल, विशेषतः मुलगी, ओढा ओलांडून किती दूर जाऊ शकते याचा तो अनुभवातून आलेला अंदाज आहे. शिवाय दुसरी साथ, अतिवृष्टी किंवा संप आल्यास वाहनाने जोडलेली शाळा पहिल्याच दिवशी तुटते. २०२० मध्ये शिक्षक ओसरीवर पोहोचू शकला, कारण त्याला ती ओसरी कोणाची हे ठाऊक होते. दहा वाड्यांची मुले एकत्र आणणाऱ्या शाळेतील शिक्षकाला ते ठाऊक असेलच असे नाही.

म्हणून निर्णयाची पद्धत बदलणे अगत्याचे आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. बहुसंख्य ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. साथीच्या दिवसांत मात्र शिधा कोणाकडे पोहोचला नाही, कोणाच्या मांडवात मुले बसवता येतील, कोणते मूल कामाला लागले, याची चर्चा पालक आणि शिक्षक समितीशिवायही करीत होते. ती चर्चा समितीच्या बैठकीत आणणे अवघड नाही. २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत राज्याने मातांचे गट बनवले. त्यांना वर्षभर काम देता येईल. महिन्यातून एक गृहभेट शिक्षकाच्या अशैक्षणिक कामांतून सवड काढून त्याच्या नियमित कामात धरता येईल. यांतल्या कशालाही नव्या इमारतीची गरज नाही. आणि एखाद्या वाडीची शाळा बंद करायचीच असेल, तर त्या वाडीच्या समितीची लेखी संमती ही पहिली अट असावी.

पट वीसच्या खाली गेला हे कारण कागदावर पुरेसे दिसते. पण व्हरांड्यातील रुळाचा तो तुकडा उतरवण्यापूर्वी त्याच्या ठोक्यांवर आणखी कोणाकोणाचा दिवस चालत होता, याचीही एकदा मोजणी व्हावी.